शाळेत सगळ्यांना सामावून घेणं शिकवायचंय? चित्र, नाटक, गाण्यानं सुरुवात कशी करायची (मराठवाड्यातल्या नव्या सर-ताईंसाठी)

नवीन लागलेले शिक्षक, इंटर्नशिपला आलेली डीएडची पोरं, एखाद्या संस्थेकडून आलेल्या ताया, सगळे एकच विचारतात, ताई, शाळेत जातपात, धर्म, अपंगत्व, पोरगा-पोरगी ह्याच्यावर लेकरांसोबत काहीतरी करायचंय, कुठून सुरू करू? आणि बहुतेकांच्या डोक्यात उत्तर आधीच तयार असतं. ‘विविधतेत एकता’ नावाचा डान्स, चार लेकरं चार धर्मांचे कपडे घालून हात धरून उभी, मागं स्पीकरवर गाणं, टाळ्या, संपलं. ते करू नका, किंवा करायचंच असेल तर सगळ्यात शेवटी करा. स्टेजवर दोन मिनिटं हात धरून लेकरं काही शिकत नाहीत, पण दोन महिने तालमीत कोण कोणाशेजारी बसलं, ढोलकी कोणाच्या हातात गेली, राजाचं काम कोणाला मिळालं हे त्यांच्या पक्कं ध्यानात राहतं. मी गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत नाटक आणि गाणी घेते, त्यामुळं खाली जे लिहिलंय ते बहुतेक तालमीबद्दलच आहे.

१. आधी आठवडाभर काहीच घेऊ नका, नुसतं बघा

खिचडीच्या सुट्टीत बघा, कोण कोणाच्या ताटाजवळ बसतंय. पाण्याच्या टाकीवर कोण आधी, कोण मागं. वर्ग झाडायला पोरींनाच सांगतात का, आणि त्यातही त्याच त्याच दोघींना का. मॉनिटर कोण, कवायतीत पुढं कोण, शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून कोण. टोपणनावं ऐका, काळ्या, चकण्या, लंगड्या, बहिऱ्या. ही नावं सगळे हसत हसत घेतात, कधी कधी मोठी माणसं पण घेतात. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये मारण्यासोबत मानसिक छळालाही बंदी आहे, हे माहीत असू द्या, पण पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तोंडावर कायदा फेकू नका, पुढं काम करायला मिळणार नाही.

गावाचा नकाशा पण समजून घ्या. गावठाण, वस्ती, तांडा, पालं, कोणतं लेकरू कुठून चालत येतं. जातीची नावं असलेल्या वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारनं २०२० मध्येच घेतलाय, पण लोकांच्या तोंडात जुनीच नावं आहेत आणि लेकराची ओळख अजून त्याच नावावरून होते.

हे सगळं वहीत लिहा, पण लेकरांची नावं लिहू नका, आपल्यापुरत्या खुणा करा. शाळेत वही कोणाच्याही हाती लागते.

२. कागदं

तुम्ही त्याच शाळेवर शिक्षक असाल तर मुख्याध्यापकांशी बोलणं आणि शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडणं पुरतं. बाहेरून येणार असाल तर एवढं जमवा:

- मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज, त्यात दिवस, वेळ, कोणते वर्ग, काय घेणार हे साध्या भाषेत
- गटशिक्षणाधिकाऱ्यांचं परवानगी पत्र (केंद्रप्रमुखांना आधी भेटलात तर ते लवकर हलतं)
- शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत
- तुमच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, त्याला ऑनलाइन अर्ज करता येतो, पण वेळ धरून चला
- पालकांचं संमतीपत्र, मराठीत, आणि शाळा उर्दू असेल तर उर्दूत

संमतीपत्रात फोटो-व्हिडिओची परवानगी वेगळ्या ओळीत घ्या. भाग घ्यायला हो आणि व्हिडिओला नाही असं म्हणणारे पालक असतात, पोरींच्या बाबतीत तर हमखास. आणि तालमीचा व्हिडिओ स्टेटसला टाकायचा मोह तुम्हाला होणार, सोबतच्या सरांना पण होणार. पहिल्याच दिवशी ठरवून टाका की तालीम शूट करायची नाही.

समितीच्या बैठकीत ‘जातिनिर्मूलन’, ‘सर्वधर्मसमभाव’ असले मोठे शब्द टाळा. समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या जागा बायांच्या. त्यांना सांगा की लेकरं बोलती होतील, धीट होतील, गावातली जुनी गाणी शिकतील. हे खोटं नाहीच, कारण होणार तेच आहे.

३. वेळ: जे करायचं ते दसऱ्याच्या आत

हे बाहेरून आलेल्या माणसाच्या लक्षातच येत नाही. बीड, धारूर, पाटोदा, वडवणी, केज ह्या पट्ट्यात आणि परभणी-जालन्याच्या कितीतरी गावांत दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत. काही लेकरं हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीजवळ राहतात, बाकीची आईबापासोबत फडावर जातात. आणि आपलं गॅदरिंग असतं डिसेंबर-जानेवारीत! म्हणजे ज्यांना सामावून घ्यायचं तीच लेकरं गावात नसताना आपण सामावून घेण्याचं नाटक करायचं.

म्हणून जून संपता संपता सुरू करा आणि १७ सप्टेंबरला दाखवा. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला शाळेत झेंडावंदन असतंच, गावातली माणसं आलेली असतात, वेगळं बोलावणं लागत नाही. आठवड्यातून दोन तालमी पुष्कळ झाल्या, शनिवार त्याला बरा, दप्तराचं ओझं नसतं. उर्दू शाळा सोबत असेल तर शुक्रवारची वेळ त्यांना विचारून ठरवा.

४. सामान

पुठ्ठे (किराणा दुकानातून फुकट), ड्रॉइंग पेपर, सुतळी, फेविकॉल, ज्वारीचे दाणे, जुन्या साडीची फडकी, गेरू, खडूची भुकटी, कोळसा, बाभळीचा डिंक. शाळेतल्या लेझमी आणि ढोलकी कपाटात पडून असतात, त्या काढा. हलगी गावातच मिळेल, विकत घेऊ नका, का ते पुढं येतं. गाणी रेकॉर्ड करायला एक मोबाइल. खर्च होतो तो वाजवणाऱ्याच्या मानधनाचा, ते मुख्याध्यापकांशी आधीच बोला, नाहीतर वर्गणी काढा, पण फुकट बोलावू नका.

५. पहिला दिवस नावांचा

गोल बसवा, स्वतःही खाली बसा. प्रत्येकानं आपलं नाव टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणायचं, सगळ्यांनी मागून तसंच म्हणायचं. फक्त नाव, आडनाव नाही. आडनाव आलं की पाचवीतलं लेकरू पण मनात हिशोब करतं. ज्याला जे नाव आवडतं तेच, आणि दोन महिने सगळ्यांनी त्याच नावानं हाक मारायची, तुम्ही पण. टोपणनावं बंद करा म्हणून भाषण द्यायची गरज पडत नाही. बोलताना अडखळणारं लेकरू असेल तर त्यानं नुसता ठेका वाजवला तरी चालतं.

६. चित्र: मातीचे रंग

रंगपेटीत एक फिकट गुलाबीसर कांडी असते, पोरं तिला ‘स्किन कलर’ म्हणतात. वर्गात तसल्या रंगाचं एकही लेकरू नसतं, तरी माणूस काढला की तीच कांडी मागतात, आणि ती सगळ्यांत आधी संपते.

ती बाजूला ठेवा आणि रंग घरी करा. शेतातली काळी माती, मुरूम, पांढरी माती, गेरू, हळद, कोळसा आणायला सांगा. माती वाळवून, कुटून साडीच्या फडक्यातून चाळायची, रात्रभर भिजवलेल्या डिंकाच्या पाण्यात कालवायची. पांढऱ्यासाठी चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर पंचाईत, खडूची भुकटी घ्या. मग प्रत्येकानं स्वतःच्या मनगटाजवळ धरून आपला रंग जुळवायचा आणि त्याला नाव द्यायचं. लेकरं काय एकेक नावं काढतात, भाजलेल्या शेंगदाण्याचा, काकवीचा, बाजरीच्या भाकरीचा, पहिल्या पावसातल्या रानाचा. त्या रंगानं स्वतःचं चित्र काढायचं.

इथं एक फार वाईट खड्डा आहे. कोणीतरी हात शेजारी लावून ‘बघ मी तुझ्यापेक्षा गोरा’ सुरू करतं. त्यामुळं रंग जुळवताना लेकरं विखरून बसवा, वाट्या एका रांगेत मांडू नका, आणि ‘सगळे रंग छानच असतात बरं का’ असं काही म्हणू नका. तसं म्हटलं की ज्याच्यासाठी म्हटलं त्याला लगेच कळतं. नुसतं विचारा, हा कसा बनवला, गेरू किती टाकला. रंग बनवणारा कारागीर होतो आणि विषय तिकडं वळतो.

वर्गात कमी दिसणारं लेकरू असेल तर चित्राची बाह्यरेषा सुतळी चिकटवून करा, आत ज्वारीचे दाणे, वाळू, कापड. पण हे त्या एकट्याला देऊ नका, त्या दिवशी सगळा वर्गच हातानं वाचायचं चित्र काढेल. डोळ्यावर पट्टी बांधून ‘आता कळलं का आंधळ्याला किती त्रास होतो’ हा खेळ मात्र खेळू नका. दहा मिनिटं चाचपडून लेकरांना भीती आणि कीव एवढंच कळतं, आणि वर्गात बसलेल्या त्या लेकराला आपण कीव करायची वस्तू करून बसतो.

७. गाणं: आज्जीकडून एक आणा

घरचा अभ्यास द्या, आज्जीकडून, आईकडून, कोणाकडूनही एक गाणं शिकून या, ज्या भाषेत घरात बोलतात त्या भाषेत. पाळणा, जात्यावरची ओवी, लग्नातलं, होळीतलं, काहीही. आपल्याकडं एका वर्गात किती भाषा निघतात हे बघाच. तांड्यावरची लेकरं गोरमाटी (बंजारा बोली) आणतील, होळीच्या लेंगीची गाणी आणतील. मुसलमान घरातली दखनी आणतील. देगलूर-धर्माबादकडं तेलुगू, उमरगा-निलंग्याकडं कानडी, कुठं वडारी, कुठं पारधी. आणि वर्गात काय होतं, एखादी पोरगी आईला याडी म्हणाली की मागून फिस्स. म्हणून पहिल्यांदा तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर त्या लेकराकडून ते गाणं शिका. चुका. तिला तुम्हाला दुरुस्त करू द्या. बाईला गोरमाटी शिकवणाऱ्या पोरीला हसायची मग सहसा कोणाची हिंमत होत नाही.

गावात उर्दू शाळा असते, कधी एकाच आवारात, मध्ये एक भिंत नाहीतर नुसती तार. दोन्ही मुख्याध्यापक तयार झाले तर दोन्ही शाळांची एकच गाणारी टोळी करा. दोन शाळांचे दोन कार्यक्रम एका मांडवात, असं व्हायला नको. हे जमवायला सगळ्यात जास्त चहा प्यावा लागतो. काही घरांत वाद्यं किंवा नाच चालत नाही, हिंदूंत पण असे असतात, मुसलमानांत पण. वाद घालू नका, त्या लेकराला निवेदन द्या, चित्रं द्या, नुसत्या आवाजातलं गाणं द्या.

आता हलगी. हलगीशिवाय आपल्याकडं पोळा नाही, वरात नाही, देवीची मिरवणूक नाही, कितीतरी गावांत मोहरमच्या सवारीपुढं पण तीच वाजते. पण वाजवणारा कोणत्या घरचा हे ठरलेलं, आणि त्या घरचं लेकरू शाळेत हलगीचं नाव काढलं तरी खाली बघतं. म्हणून हलगी दुकानातून आणायची नाही, वाजवणाऱ्यासकट आणायची. गावातल्या जाणत्या वाजवणाऱ्याला रीतसर घरी जाऊन बोलावा, शाळेत खुर्ची द्या, ज्या कपात सरांना चहा त्याच कपात त्यांना चहा द्या (हे लिहावं लागतंय, काय करणार), लेकरांना त्यांना गुरुजी म्हणू द्या, मानधन पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या हातून द्या. कातडं विस्तवावर का शेकायचं, आवाज कसा चढतो, दोन्ही काड्यांचं काम वेगळं कसं, हे त्यांनीच सांगावं. मग हलगी सगळ्यांनी शिकायची, पाटलाच्या पोरानं पण, पोरींनी पण. फक्त त्यांच्याच घरच्या लेकराला ‘तू वाजव, तुला तर येतच असेल’ असं म्हणू नका. त्याला हार्मोनियम वाजवायची असेल. घरून कुरकुर येऊ शकते की आमच्या पोराच्या हातात हलगी काहून दिली. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा म्हणजे ते तुमच्या बाजूनं बोलतील, आणि लेझीम-हलगीचं पथक १७ सप्टेंबरला पुढं असणार म्हटलं की बहुतेक घरं गप्प होतात.

ऐकू न येणाऱ्या लेकराला गाण्याच्या तासाला बाहेर पाठवतात, ते तर करूच नका. ढोलकीच्या अंगावर हात ठेवू द्या, ठेका हाताला कळतो, लेझमीत ते कधी कधी सगळ्यांत पक्कं निघतं. खुणांसाठी ‘साइन लर्न’ नावाचं सरकारी ॲप आहे, भारतीय सांकेतिक भाषेच्या १०,००० शब्दांचं. पण आधी त्या लेकराच्या घरी चालणाऱ्या खुणा विचारा, खेड्यात बहुतेकांची स्वतःची घरगुती भाषा असते, वर्गानं ती शिकावी. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना फोन करून बोलावा. उलट काही लेकरांना हलगीचा आवाज सहन होत नाही, कान झाकून रडायला लागतात. त्यांना आधी सांगून वाजवा, लांब सावलीत जागा द्या, वाटेल तेव्हा उठून जायची मोकळीक द्या.

८. नाटक: कामं वाटण्यातच सगळं आहे

आपल्याकडं शाळेतल्या नाटकात कामं कशी वाटतात आठवा. भारतमाता गोरी पोरगी. राक्षस सावळा पोरगा. भिकारी तोच, ज्याचा पाय अधू आहे. शिवजयंतीला शत्रूचा सरदार म्हटलं की मुसलमान पोराकडं बोट. पोरानं साडी नेसली की ती हसायलाच. कोणी मुद्दाम करत नाही, पण लेकराला वर्षभर ते चिकटतं.

उपाय साधा आहे, चिठ्ठ्या टाका. आणि प्रत्येक तालमीला परत टाका. आज राजा झालेली उद्या झाड, परवा सावकार. शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणाचं काम पक्कं नाही. सर लोकांना ह्याचा लई राग येतो, ‘पाठांतर कसं होणार?’ होतं, सगळ्यांचं सगळं पाठ होतं. १७ तारखेला एक लेकरू तापानं आलं नाही तरी काही अडत नाही. पोरगा आईचं काम करत असेल तर आई म्हणूनच करायचं, लचकत नाही, हे एकदाच स्पष्ट सांगा.

गोष्ट कुठून आणायची? आपल्याजवळ भारूड आहे. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात वासुदेव, गोंधळी, जोशी, महार, फकीर अशा सगळ्यांच्या तोंडून भारुडं लिहिली. त्यांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ तर दोघांचं कडाक्याचं भांडण आहे, एकमेकांची उणीदुणी काढून शेवटी दोघं गळाभेट घेतात. लेकरांना तो जसाच्या तसा देऊ नका, भाषा जड आहे आणि आज कोणाच्या तरी घरी ठिणगी पडेल. पण पद्धत उचला. एक पात्र येतं, आपण कोण ते गाऊन सांगतं, दुसरं टोचतं, हसू येतं, मग मुद्दा येतो. लेकरांना पात्रं काढू द्या, एसटीचा कंडक्टर, आशाताई, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, मुकादम, भंगारवाला.

दुसरी पद्धत मोठ्या लेकरांसाठी, सहावीच्या पुढं. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल ह्या नाटकवाल्यानं १९७० च्या दशकात ती रुजवली, फोरम थिएटर म्हणतात. पाच मिनिटांचा प्रसंग बसवायचा, ज्यात कोणावर तरी अन्याय होतो आणि तो तिथंच संपतो. उदाहरण घ्या, क्रिकेटच्या दोन टीम पाडताना कुबडीवाल्या पोराला कोणीच घेत नाही, ‘तू अंपायर हो’ म्हणतात. एकदा पूर्ण दाखवायचं. दुसऱ्यांदा दाखवताना बघणाऱ्यांतला कोणीही ‘थांब’ म्हणतो, आत येतो, त्या पोराची किंवा बाजूला गप्प उभ्या असलेल्याची जागा घेतो आणि वेगळं काहीतरी करून बघतो. दादागिरी करणाऱ्याची जागा घ्यायची नाही, कारण तो एकदम चांगला झाला की प्रश्नच संपला, खऱ्यात तसं होत नसतं. पहिले दोघंतिघं येऊन मारामारी करतील किंवा सरांना बोलावतील. करू द्या, आणि मग विचारा, उद्या सर नसताना काय? खरी मजा तिथून सुरू होते.

प्रसंग कधीही वर्गातल्या लेकराचा घेऊ नका. गोष्ट शेजारच्या गावची करा, नावं बदला. ‘तुझ्यासोबत असं कधी झालंय का, सांग बरं सगळ्यांना’ हा प्रश्न विचारायचाच नाही, त्यानं लेकरू उघडं पडतं. आणि तालीम संपली की वाईट काम केलेल्या लेकरानं अंग झटकून, आपलं खरं नाव मोठ्यानं सांगून गोलात परत यायचं. नाहीतर उद्यापासून त्याचं नाव सावकार.

९. काही बाहेर निघालंच तर

कधीतरी एखादं लेकरू तालमीनंतर थांबतं आणि घरातलं, शेजारचं, कधी शाळेतलं काहीतरी सांगतं. मध्ये न तोडता ऐका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. लैंगिक छळाची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गावात मिटवू म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, फुकट आहे, हा नंबर पहिल्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

१०. दाखवायचा दिवस आणि नंतर

स्टेज बांधू नका. पायऱ्या आल्या की व्हीलचेअरवालं लेकरू खालीच राहतं. मैदानात फक्कीनं गोल आखा, लोक भोवती बसतील. सत्कार आणि भाषणं आधीच उरका, नाहीतर उन्हात लेकरं गळतात. निवेदनात ‘हा दिव्यांग असूनही’, ‘ही तांड्यावरची असूनही’ असलं एकही वाक्य येऊ देऊ नका, पाहुण्यांच्या तोंडून आलं तर इलाज नाही. नंबर काढायचे नाहीत, बक्षीस द्यायचंच तर सगळ्या टोळीला मिळून एक ढोलकी.

पुढच्या आठवड्यात खिचडीच्या सुट्टीत परत बसून बघा. फार मोठा बदल शोधू नका. दोन लेकरांच्या जागा हलल्या असतील, एखादं टोपणनाव बंद पडलं असेल, तर काम बरं झालं. काहीच हललं नसेल तर चिठ्ठ्या खरंच चिठ्ठ्या होत्या का, की आपणच घाईत कामं वाटली, हे तपासा.

आणि बदली कधी होईल सांगता येत नाही, म्हणून गाण्यांची रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून मुख्याध्यापकांकडं द्या, सोबत एका वहीत गाण्याचे शब्द, भाषा, आणि घरच्यांची हरकत नसेल तर कोणाच्या आज्जीकडून आलं ते. त्या आज्जीच्या घरातल्या मोबाइलवर पण तिचं गाणं पाठवा. दसऱ्यानंतर फडावर जाणाऱ्या लेकरांच्या घरच्या फोनवर सगळीच गाणी टाकून द्या, तिकडं नेट असेल-नसेल, म्हणून निघायच्या आधीच. लेझमी मोजून कपाटात, आणि चावी सहावीच्या वर्गाकडं.